डीपर सर्चच्या यादीतून खरं पार्टिशन ओळखणं : माझा अनुभव

विंडोजशेजारी लिनक्सची नवी आवृत्ती टाकायला कॉम्प्युटर म्हापशातल्या एका दुकानात दिला होता. इन्स्टॉलरने डिस्कवर कोरा पार्टिशन टेबल (डिस्कचे जे भाग पाडतात, त्या पार्टिशनांची यादी) लिहिला आणि काम तिथेच थांबलं. दुकानातून उत्तर आलं, "डेटा गेला, फॉरमॅट करूया." याचा राग अजून जात नाही, कारण डेटा गेलेला नव्हता. कुठलं पार्टिशन कुठल्या सेक्टरपासून (डिस्कच्या छोट्या कप्प्यापासून) कुठपर्यंत, एवढीच नोंद टेबलमध्ये असते. नोंद पुसली तरी फाइली जागच्या जागी असतात.

अशा डिस्कवरून विंडोज किंवा लिनक्स काहीही सुरू करू नका. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स (इन्स्टॉल न करता चालणारं) चालवा आणि त्यात टेस्टडिस्क हा हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम घ्या. जीपीटी या हल्लीच्या पद्धतीच्या पार्टिशन टेबलची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. फक्त पहिली प्रत बिघडली असेल तर जीडिस्क या टेबल दुरुस्त करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आर, बी, सी आणि शेवटी डब्ल्यू या आज्ञा एवढ्यावर भागतं. इथे इन्स्टॉलरने दोन्ही प्रती नव्याने लिहिल्या होत्या, त्यामुळे तो रस्ता बंद.

टेस्टडिस्कच्या क्विक सर्चमध्ये, म्हणजे झटपट शोधात, विंडोज सापडलं, डेटाचं पार्टिशन नाही. मग डीपर सर्च, म्हणजे अख्खी डिस्क वाचणारा शोध. १ टीबीची डिस्क सेकंदाला १०० एमबीने वाचली तरी पावणेतीन तास जातात, आणि आपल्याकडे पावसात वीज कधी जाईल सांगता येत नाही. शोध फक्त वाचतो, त्यामुळे वीज गेल्याने डिस्कचं नुकसान होत नाही, पण शोध पहिल्यापासून करावा लागतो. यूपीएस लावाच.

खरा घोळ शोध संपल्यावर येतो. यादीत एकावर एक चढलेली पार्टिशनं दिसतात आणि 'स्ट्रक्चर बॅड' असं लिहून येतं. पूर्वी कधीतरी केलेली, मग मोडलेली पार्टिशनं त्यात असतात. एक्स्ट४ या लिनक्सच्या फाइलसिस्टिमच्या सुपरब्लॉकच्या (तिची मूळ माहिती असलेल्या ब्लॉकच्या) राखीव प्रतींवरूनही नोंदी येतात. व्हर्च्युअल मशीनची (कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या नकली कॉम्प्युटरची) फाइल डिस्कवर असेल तर तिच्या पोटातलं पार्टिशनसुद्धा स्वतंत्र म्हणून यादीत उभं राहतं. आकारावरून निवडू नका, फसाल. सुरुवातीच्या सेक्टरला २०४८ ने भागून बघा. हल्लीची पार्टिशनं १ एमबीच्या हद्दीवर सुरू होतात, म्हणून बाकी उरली तर नोंदीवर संशय घ्या. मग प्रत्येक नोंदीवर पी दाबा. फोल्डर दिसले, चवथीचे फोटो नावानिशी दिसले, की ती नोंद खरी. फाइली दिसत नसतील तर डाव्या-उजव्या बाणाने तिला डी (डिलीटेड, म्हणजे वगळलेली) करा. खोट्या नोंदी गेल्या की 'स्ट्रक्चर ओके' येतं.

तरीही लगेच राइट करू नका, म्हणजे नवा टेबल डिस्कवर लिहू नका. पी च्या यादीतच कोलन दाबून फाइली निवडा आणि मोठ्या सी ने दुसऱ्या डिस्कवर उतरवा. आधी सांगायला हवं होतं, डिस्क कटकट आवाज करत असेल तर टेस्टडिस्कच्याही आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने तिची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, काढा आणि सगळे प्रयोग त्या इमेजवर करा. एसएसडी असेल आणि इन्स्टॉलरने फॉरमॅटही केलं असेल तर आशा कमी. एक्स्ट४ बनवताना जुने ब्लॉक मोकळे म्हणून कळवले जातात आणि ट्रिम या एसएसडीला दिल्या जाणाऱ्या आज्ञेमुळे ते रिकामे होतात.

राइट झाल्यावर लिनक्स सहसा उठतं, कारण एफएसटॅब या त्याच्या पार्टिशनांच्या यादीच्या फाइलमधला यूयूआयडी (ओळख क्रमांक) फाइलसिस्टिममध्येच असतो. विंडोज मात्र पार्टिशनचा जीयूआयडी (टेबलमधल्या नोंदीचा ओळख क्रमांक) बघतं आणि तो बदललेला असतो. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही बूटच्या फाइली नव्याने लिहिणारी आज्ञा चालवली की तेही उठतं.