इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची गणितं: आधी इलेक्ट्रॉन, मग सूत्र

प्रवेश परीक्षेच्या तयारीत इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची सूत्रं मला पटकन पाठ झाली. अडायचं ते कुठलं सूत्र कुठे लावायचं यावर. म्हणून मी हाताला एक सवय लावली. गणित कुठलंही असो, आधी दोन्ही अर्ध-अभिक्रिया (एक इलेक्ट्रॉन देणारी, एक घेणारी) लिहायच्या आणि किती इलेक्ट्रॉनांची देवघेव होते ते बघायचं. तोवर सूत्राला हात लावायचा नाही.

या सवयीचं खरं मोल कळलं ते लोखंडाच्या गणितात. फेरिकचं (Fe³⁺) फेरस (Fe²⁺) होताना प्रमाण विभव +०.७७ व्होल्ट, फेरसचं लोखंड होताना −०.४४. मग फेरिकपासून थेट लोखंड? सरळ बेरीज केली तर ०.३३ येतं, आणि ते उत्तर पर्यायांत हमखास दिलेलं असतं. पण बेरीज होते मुक्त ऊर्जेची, म्हणजे इलेक्ट्रॉन गुणिले विभव याची. पहिल्या पायरीत १ × ०.७७, दुसरीत २ × (−०.४४), मिळून −०.११. एकूण इलेक्ट्रॉन तीन, म्हणून तीनने भागायचं: सुमारे −०.०४ व्होल्ट. चिन्हच उलटलं! मग पूर्ण सेलमध्ये कॅथोडच्या विभवातून अॅनोडचा विभव थेट वजा केलेला कसा चालतो? कारण तिथे दोन्हीकडचे इलेक्ट्रॉन सारखेच असतात, ते उडून जातात. हे उमगलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

नर्न्स्टच्या समीकरणात, म्हणजे आयनांच्या संहतीनुसार सेलचा विभव काढण्याच्या सूत्रात, मी आकडे घालण्याआधीच उत्तर वाढणार की घटणार ते ठरवते. जस्त-तांब्याच्या सेलचा प्रमाण विभव १.१० व्होल्ट. जस्ताचे आयन ०.१ मोलर आणि तांब्याचे १ मोलर असतील, तर उत्पादित कमी आहे, अभिक्रिया पुढे जायला जोर मिळतो, म्हणजे विभव वाढायलाच हवा. आकडेमोडही तेच सांगते: २५ अंश सेल्सिअसला ०.०५९ भागिले २ इतकी, म्हणजे जवळपास ०.०३ची वाढ, उत्तर १.१३. लॉगच्या चिन्हाची तपासणी अशी आपोआप होते.

फॅरडेची गणितं, म्हणजे वीज सोडून किती धातू जमा होतो याची, त्यामानाने सोपी. २ अँपिअर प्रवाह ९६५ सेकंद सोडला की १९३० कूलोम, म्हणजे ०.०२ मोल इलेक्ट्रॉन. तांब्याला दोन लागतात, म्हणून ०.०१ मोल, ०.६३५ ग्रॅम. चांदीला एकच पुरतो, म्हणून ०.०२ मोल, २.१६ ग्रॅम.

वाहकतेच्या गणितांत मात्र इलेक्ट्रॉन मोजून काही हाती लागत नाही. तिथे सगळी मदार एककांवर. मोलर वाहकता (दर मोलमागची वाहकता) काढताना, वाहकता सेंटिमीटरमध्ये दिली असेल तर १०००ने गुणून मोलॅरिटीने भागायचं, कारण एका लिटरमध्ये १००० घन सेंटिमीटर असतात. मीटरमध्ये दिली असेल तर तोच १००० खाली छेदात जातो. त्यामुळे अशा प्रश्नात मी सर्वांत आधी एककाखाली रेघ मारते.