हरवलेल्या मुलीजवळ थांबताना

गर्दीच्या ठिकाणी एकटे, बावरलेले मूल दिसल्यावर मदतीला जावे की नाही, हा प्रश्न खरे तर पडायला नको. पण तो पडतो, आणि माझ्यासारख्या एकट्या, मध्यमवयीन पुरुषाला तर तो हमखास पडतो. मूल आपल्याला घाबरेल का, बघणारे काय समजतील आणि नेमक्या त्याच क्षणी त्याचे वडील समोर आले तर आपण काय सांगणार, हे सारे विचार पाऊल उचलण्याआधीच मनात येऊन जातात. एका मोठ्या मॉलमध्ये हा प्रसंग माझ्यावर आला आणि मुलगी तिच्या पालकांच्या ताब्यात जाईपर्यंतची सगळी प्रक्रिया मला जवळून पाहता आली.

सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी चार-पाच वर्षांची एक मुलगी उभी होती. ती रडत नव्हती. ती चार पावले पुढे जाई, परत येई आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या चेहऱ्याकडे निरखून पाही. हरवलेले मूल मोठ्याने रडत असेल असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पुष्कळ मुले भीतीने गप्प होतात, आणि म्हणूनच शेजारून जाणाऱ्यांच्या ती लक्षातही येत नाहीत. कोणी तिला लांबून हाक मारते आहे का, तिच्यावर कोणाची नजर आहे का, हे मी क्षणभर पाहिले, कारण एकटे दिसणारे प्रत्येक मूल हरवलेले असतेच असे नाही.

मग मी तिच्या समोरून, तिला दिसेल अशा बेताने गेलो, दोन हात अंतर ठेवून खाली बसलो आणि विचारले, "बाळा, तू कोणाबरोबर आली आहेस?" नाव मुद्दाम विचारले नाही; आजूबाजूच्या कोणाच्याही कानावर ते पडले असते, आणि मुलाला नावाने हाक मारणारा माणूस त्याला ओळखीचा वाटू लागतो. "आई," एवढेच ती म्हणाली.

तिला हाताला धरून माहिती कक्षाकडे न्यावे, हा पहिला विचार माझ्याही मनात आला होता. तसे करायचे नाही, हे मी ठरवले. एक तर शोधत येणारी आई बहुधा मूल जिथे शेवटचे दिसले तिथेच आधी येते. दुसरे म्हणजे अनोळखी माणूस मुलीला कुठेतरी घेऊन चालला आहे, हे दृश्य लांबून कसे दिसेल याचा विचार माझ्यापुरता नव्हे, तर तिच्यासाठीही करायला हवा होता. ओळख नसलेल्या माणसाबरोबर चालू लागणे सुरक्षित असते, हा धडा माझ्याकडून तिला मिळायला नको होता.

मला तिथे दुसरे मोठे माणूस हवे होते. जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला ठाऊक होता. ध्वनियंत्रणेवरून कोणाला तरी झटका आल्याचे ऐकू येत असताना, ते ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के लोकांनी तो झटका संपण्याआधी मदत मागितली. आणखी चार जण ऐकत आहेत असे वाटणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आले. म्हणून "कोणीतरी या" असे न ओरडता मी पिशव्या घेऊन जाणाऱ्या एका बाईंना थेट म्हणालो, "ताई, ही मुलगी हरवली आहे. तुम्ही इथे थांबाल का?" त्या लगेच थांबल्या. गणवेशातल्या सुरक्षारक्षकालाही खूण करून बोलावले आणि त्याने वॉकीटॉकीवरून कक्षाला कळवले.

दरम्यान मुलीच्या चपलेचा बंद सुटून फरफटत असल्याचे दिसले, आणि जिन्याच्या तोंडाशी ते धोक्याचे होते. मी हात लावला नाही. बंद कुठे अडकवायचा ते बोटाने दाखवले आणि तिने खाली वाकून, जीभ बाहेर काढून, तो स्वतःच लावला. तेवढ्यात एक तरुण मोबाईल पुढे करून म्हणाला, "फोटो काढून ग्रुपवर टाकतो, पटकन सापडतील." हेतू चांगला होता, तरीही मी त्याला थांबवले. मूल सापडल्यावरही असे फोटो फिरतच राहतात आणि ही मुलगी आत्ता एकटी आहे, ही बातमी नको त्या माणसापर्यंतही पोहोचते.

ध्वनिक्षेपकावरून जी घोषणा झाली, तीत मुलीचे नाव किंवा कपड्यांचा रंग नव्हता. ज्यांचे मूल सोबत नाही त्यांनी माहिती कक्षाशी संपर्क साधावा, एवढेच सांगितले गेले. या मोघमपणाचे कारण पुढे कळले. आई-वडील धावत कक्षात आले, तेव्हा मुलगी समोर आणण्याआधी त्यांना तिचे नाव, वय आणि अंगावरचे कपडे विचारले गेले, मोबाईलमधले तिचे फोटो पाहिले गेले. ही माहिती आधीच जाहीर झाली असती, तर त्या विचारण्याला काही अर्थ उरला नसता.

वडील त्या चौकशीने चिडले आणि नंतर माझ्याकडे वळून त्यांनी करड्या आवाजात विचारले, "तुम्ही कोण?" मला त्याचा राग आला नाही, त्यांच्या जागी मीही तेच विचारले असते. उत्तर मात्र मला द्यावे लागले नाही. ताईंनीच सगळा क्रम सांगितला, आणि मदत करणाऱ्याने साक्षीदार आधी का जोडावा, हे मला तिथे पुरते पटले. नंतर रक्षकाने वहीत वेळ लिहून आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या.

मूल रस्त्यावर धावत सुटले असेल, पाण्यात पडले असेल किंवा घास अडकून गुदमरत असेल, तर यातले काहीही पाहत बसायचे नसते. आधी त्याला वाचवायचे, खुलासे नंतर. बाकी वेळी मात्र थोडे अंतर, चारचौघांची नजर आणि जबाबदार यंत्रणेला तातडीने कळवणे, एवढे पुरते. "अनोळखी माणसाशी बोलू नकोस" ही शिकवण मला आता अपुरी वाटते. मुलांवर अत्याचार करणारे बहुतांशी त्यांच्या ओळखीतलेच असतात, आणि हरवलेल्या मुलाला तर अनोळखी माणसाशीच बोलावे लागते. त्यापेक्षा गणवेशातला कर्मचारी किंवा मुले सोबत असलेली बाई शोध, जागा सोडू नकोस आणि आईचा फोन नंबर पाठ कर, असे सांगणे अधिक उपयोगाचे. माझ्या भाचीला मी आता तोच नंबर पाठ करायला लावला आहे. शेवटचे दोन अंक ती अजून उलटे म्हणते.