वाडीचा झरा आणि तात्यांचा चर

मे महिन्यात सकाळी सातच्या आत फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. कुठला तरी झरा आटलेला असतो. 2022 सालच्या मे महिन्यातला तो फोन कुडाळ तालुक्यातल्या, सह्याद्रीच्या पायथ्याला असलेल्या एका वाडीतून होता. वाडीच्या पाणी समितीचं काम बघणाऱ्या वहिनी बोलत होत्या. "मॅडम, आज येवाच. नायतर हय मारामारी होतली."

मी भूजलाचं काम करते. गावोगावचे झरे शोधणं, मोजणं, त्यांच्या वरच्या अंगाला काय चाललंय ते बघणं, हाच माझा दिवस. ही वाडी मला पहिल्यापासून जवळची. 34 घरं, दीडशेच्या आसपास माणसं. डोंगराच्या कुशीत झरा, तिथून सव्वा किलोमीटर पाइप आणि खाली साठवण टाकी. पंप नाही, त्यामुळे विजेचं बिल नाही. पाणी आपल्या उतारानं येतं. घरटी महिन्याला 50 रुपये पाणीपट्टी. एप्रिलमध्ये प्रत्येक घरातलं एक माणूस झरा साफ करायला जातं, आणि न गेलं तर त्या घराला दंड. हे सगळं वाडीनं स्वतः ठरवलेलं आणि जलजीवन मिशन येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं.

आणि एक वही. दर पंधरा दिवसांनी वहिनी झऱ्यावर जाऊन 15 लीटरची बादली भरायला किती सेकंद लागले ते वहीत लिहितात. शेवटच्या रकान्यात साक्षीदाराची सही, दर वेळी वेगळ्या घरातली. हा रकाना त्यांचा स्वतःचा. मी फक्त मोजायला शिकवलं होतं.

दहाच्या सुमाराला पोचले तेव्हा देवळाच्या मांडवात पन्नासेक माणसं जमली होती. मे महिना, म्हणजे मुंबईचे चाकरमानी आलेले. घराघरात माणसं दुप्पट झाली होती आणि नळाला पाणी दिवसाआड येत होतं. सगळ्यांचं बोट एकाच घराकडे होतं. झऱ्याच्या खालच्या अंगाला तात्यांची पोफळीची बाग आहे. तात्या सत्तरीचे, एकटे राहणारे. त्यांनी बागेत नवा चर खणला होता आणि त्या चरातून भर मे महिन्यात पाणी वाहत होतं.

"पाइप फोडून पाणी चोरल्यान," एक तरुण उभा राहून म्हणाला. "नळ तोडा त्याचो."

तात्या मांडवाच्या कडेला, खांबाला टेकून उभे होते. महिनाभर वाडीत त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं, हे मला वहिनींनी वाटेत सांगितलं होतं. त्यांनी स्वतःच्या बाजूनं एकच वाक्य काढलं. "माझी पोफळ पिवळी पडली, ती कोणीच बघूक नाय."

मी म्हटलं, नळ तोडायचा तर संध्याकाळी तोडा. आधी बादली आणा.

मोजमापाचं गणित तसं सोपं आहे. झऱ्यावर जेवढं पाणी पाइपात शिरतं तेवढंच खाली टाकीत पडत असेल, तर वाटेत चोरी नाही आणि गळतीही नाही. मग खोट झऱ्यावर. खाली कमी पडत असेल तर मात्र पाइप चालत तपासायचा. दहाबारा जण माझ्याबरोबर निघाले, त्यात तो तरुणही होता. मी मुद्दामच त्याच्या हातात घड्याळ दिलं.

टाकीवर बादली भरायला 127 सेकंद लागले. झऱ्यावर चढून गेलो, तिथे 125. तीनदा मोजलं. दोन सेकंदांचा फरक हाताच्या चुकीचा. तरुण घड्याळाकडे बघत राहिला.

वहिनींनी वही उघडली. आदल्या वर्षी याच आठवड्यात 50 सेकंद. म्हणजे तेव्हा दिवसाला सुमारे 26 हजार लीटर पाणी मिळत होतं, आता जेमतेम 10 हजार. चाकरमानी धरून 300 माणसं मोजली तर माणशी 35 लीटरसुद्धा नाही. सरकारी निकष 55 लीटरचा. गेला पावसाळा भरपूर झाला होता. वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट कातळावर, चिरेखाण नाही, जेसीबी फिरलेला नाही. मग निम्म्याहून जास्त पाणी गेलं कुठे?

इथे झरा कसा चालतो ते सांगायला हवं. आमच्याकडे वर जांभा दगडाचा सडा असतो. जांभा भोकाभोकांचा, पाऊस पिऊन घेणारा, आणि सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हे पाणी मुरत खाली जातं आणि जांभ्याखालच्या चिकण मातीच्या थराला अडतं. तो थर उतारावर जिथे उघडा पडतो तिथून पाणी बाहेर येतं. तोच झऱ्याचा डोळा. मागे पाण्याला जोर फार थोडा असतो. कळशीभर उंचीचा अडथळासुद्धा त्याला दुसरी वाट शोधायला लावतो.

त्या झऱ्याच्या डोळ्यासमोर आता कमरेएवढी नवी सिमेंटची भिंत होती. हिवाळ्यात मुंबईकरांनी वर्गणी काढून बांधून दिलेली. उद्देश चांगला होता, झऱ्यावरच जास्त पाणी साठावं असा. पूर्वी पाइप डोळ्याच्या खालच्या अंगाला होता. नव्या बांधकामात तो दीड फूट वर घेतला होता. त्यामुळे डोळा पाण्याखाली बुडालेला.

आमच्या मागून काठी टेकत एक आजी वर आल्या होत्या. लग्न होऊन आल्यापासून त्यांनी या झऱ्याचं पाणी डोक्यावरून वाहिलं होतं. भिंतीला काठी टेकवून त्या मला म्हणाल्या, "आमच्या टायमाक हय भिंत नव्हती. दोन दगड आणि पोफळीची पन्हळ. झऱ्याचो गळो धरल्यात तर तो थय रवाचो नाय गे बायो."

भिंत बांधताना त्या हेच बोलल्या होत्या म्हणे. तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. मला आजही याचं वाईट वाटतं, कारण आमच्या प्रशिक्षणात हाच धडा पहिल्या दिवशी शिकवतात आणि वाडीत तो आधीपासून ठाऊक असलेलं माणूस होतं.

मग आम्ही तात्यांच्या बागेत उतरलो. झऱ्यापासून चाळीसेक पावलं खाली, बांधाच्या मुळाशी जमीन ओली होती. अळू माजलेलं, खेकड्यांची बिळं. मातीतून पाणी बोटभर धारेनं पाझरत होतं आणि पोफळीच्या बुंध्याशी साचत होतं. आठ-दहा झाडांची पानं खरंच पिवळी पडली होती. पोफळीला पाणी लागतं, पण साचलेल्या पाण्यात तिची मुळं कुजतात. तो चर तात्यांनी पाणी घ्यायला खणलेला नव्हता. बागेतलं पाणी व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, काढून द्यायला खणला होता, सत्तरीच्या वयात, एकट्यानं.

खिशातलं क्षार मोजायचं यंत्र काढलं. झऱ्याचं पाणी 42, पाझराचं 43, वाडीतल्या बावीचं, म्हणजे विहिरीचं, 110. म्हणजे बागेत पाझरणारं पाणी झऱ्याचंच. हे आकडे मी सगळ्यांना वाचून घ्यायला लावले. तात्यांकडे कोणी बघेना.

पण हा पुरावा माझ्या एकटीपुरता चालला असता, वाडीला नाही. पाणी परत येताना दिसायला हवं होतं. भिंतीच्या तळाशी गाळ काढायचं बूच होतं. ते उघडलं तर साठलेलं पाणी उतरेल, डोळा मोकळा होईल. बूच उघडण्याआधी गावकरी थांबले. मानकऱ्यांनी नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. चुकलंमाकलं असेल ते पदरात घे, लेकराबाळांना पाणी दे. "होय म्हाराजा!" सगळ्यांनी एका सुरात म्हटलं. मीही म्हटलं.

बूच निघालं आणि साठलेलं पाणी भसाभसा गेलं. त्यानंतर डोळ्यातून करंगळीएवढी धार. पहिल्या तासानंतर मोजलं, 118 सेकंद. माझ्या छातीत धडधडत होतं. जमिनीखाली पाण्यानं एकदा नवी वाट रुळवली की जुनी सोडून देतं, असंही मी पाहिलंय. सिक्कीममध्ये 2008 पासून धारा विकास कार्यक्रमातून आटलेले झरे पुन्हा वाहते करायचं काम झालं. तिथे डोंगरावर चर खणून पाणी मुरवतात, आणि त्याचा गुण यायला पावसाळे जावे लागतात. आमच्यापाशी एक दुपार होती.

दोन वाजता 96 सेकंद. चार वाजता 71. तरुण दर अर्ध्या तासानं बागेत धावत जाऊन पाझर बघून यायचा. पाचच्या सुमाराला तो खालून ओरडला, "धार तुटली! थेंब थेंब पडतत!"

आजींनी ओंजळ धरली, पाणी प्यायल्या आणि उरलेलं डोळ्यांना लावलं.

रात्री वाडीत राहिले. देवळात बैठक झाली ती फार लांबली नाही. भिंतीला डोळ्याच्या खाली भोक पाडून पाइप जुन्या जागी न्यायचा आणि साठवायचं ते पाणी खालच्या टाकीतच साठवायचं, असं ठरलं. मुंबईकरांपैकी एकानं उभं राहून सांगितलं की बांधकामाआधी आम्ही कोणाला विचारलं नाही, पुढच्या कामाचे पैसे आम्ही देतो, जागा वाडीनं सांगायची. टाकी धुऊन, हजार लीटरला 5 ग्रॅम या हिशोबानं पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकायची जबाबदारी दोन बायकांनी घेतली. तात्यांचा विषय कोणी काढला नाही. मला ते खटकलं, पण मी पाहुणी होते.

सकाळी सहाला वहिनी, मी आणि घड्याळवाला तरुण झऱ्यावर गेलो. तात्या आमच्या आधी येऊन बसले होते. रात्री त्यांच्या अंगणात बराच वेळ दिवा दिसत होता आणि बोलण्याचा आवाज येत होता. कोण गेलं होतं ते मी विचारलं नाही. तरुणानं त्यांच्यासाठी थर्मासमधून चहा आणला होता.

बादली 54 सेकंदांत भरली. वहिनींनी तारीख लिहिली, आकडा लिहिला, आणि वही सहीसाठी तात्यांपुढे धरली.