खांबांमधलं अंतर फॉर्ममध्ये कुठे भरणार?
एखाद्या प्रकल्पाचा तिथल्या लोकांवर काय परिणाम होईल याचा, म्हणजे सामाजिक परिणामांचा अभ्यास म्हटलं की बरेच जण फॉर्म घेऊन घरोघरी फिरतात, घरात माणसं किती, उत्पन्न किती, बोट आहे का, झालं काम. पण मुंबईच्या कोस्टल रोडचंच बघा ना, वरळी कोळीवाड्यासमोर पुलाच्या खांबांमध्ये आधी ६० मीटर अंतर ठेवलेलं, कोळी बांधव म्हणत होते २०० पाहिजे, कारण वारा आणि पाण्याला करंट असला की बोट सरळ जात नाही, वाहवत जाते, आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये कुठे १२० वर ठरलं. हे कुठल्या रकान्यात लिहिणार? त्यासाठी नाखव्यासोबत बोटीत बसायला हवं, नकाशा त्याच्याच हातात द्यायला हवा, खडक कुठे, जाळी कुठे लागतात ते त्यालाच काढू दे.

आणि बायकांशी प्लीज वेगळं बोला! ओहोटीला खडकांवर कालवं काढणारी मावशी पुरुषांच्या मीटिंगमध्ये मागे बसते, तिच्या नावावर बोट नाही म्हणून रिपोर्टमध्ये ती बाधितच नाही, मला हे फार खटकतं. मोजक्याच मुलाखती पण नीट घेतल्या, चार वेगळ्या लोकांकडून पडताळल्या तर तो पक्का पुरावाच असतो, फक्त तो डिझाइन फायनल व्हायच्या आधी गोळा करा, वरळीत काम सुरू झाल्यावर भांडत बसावं लागलं.