पंचवीस आणि वीस-पाच

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात एआयएक्स या आयबीएमच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा जुना ओरॅकल डेटाबेस लिनक्सवर न्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. नुसत्या फाइल्स कॉपी करून भागणार नव्हतं. एआयएक्स बिग एंडियन, एक्स८६ लिनक्स लिटल एंडियन, म्हणजे आकड्यातले बाइट साठवायचा दोघांचा क्रम उलटा. टीममधल्या नव्या मुलीला सांगितलं, "आपण लिहितो २५, आधी दोन. म्हणतो पंचवीस, आधी पाच. एक मशीन लिहिल्यासारखं साठवतं, दुसरं बोलल्यासारखं." तिला लगेच कळलं. मला हे कळायला बरीच वर्षं लागली होती.

ही उलटापालट ओरॅकलमध्ये १०जी आवृत्तीपासून आरमॅन या बॅकअपच्या साधनाची कन्व्हर्ट कमांड करते, तेव्हा त्याची धास्ती नव्हती. न्यायच्या टेबलस्पेस (डेटा फाइल्सचे गट) स्वयंपूर्ण आहेत का, हे ओरॅकलच्याच डीबीएमएस_टीटीएसने तपासलं तर एक इंडेक्स, म्हणजे टेबलात शोधायची सूची, आमच्या टेबलस्पेसमध्ये आणि त्याचं टेबल भलतीकडेच! टेबल हलवलं, इंडेक्स रिबिल्ड केला. रंगीत तालमीत इम्पोर्ट ओआरए-२९३४२ ही एरर देऊन थांबला. टेबलांचा मालक असलेला युजर लिनक्सवर तयारच केला नव्हता. लग्नाला सगळे आले, नवरदेवाला आणायचं राहिलं.

शनिवारी रात्री दहाला टेबलस्पेस रीड ओन्ली केल्या. मेटाडेटाचा, म्हणजे टेबलांच्या रचनेच्या माहितीचा, एक्सपोर्ट काही मिनिटांत झाला. वेळ खाल्ला तो कन्व्हर्टने आणि फाइल्स पलीकडे पाठवण्याने. तोवर गार वडापाव आणि चौथा चहा. इम्पोर्ट चटकन झाला, कारण त्यात डेटा हलतच नाही, फक्त त्याची नोंद होते. पहाटे चारला सगळं रीड राइट. वाकडचा पूल इतका मोकळा मी पहिल्यांदाच पाहिला.

रविवारी दहाला फोन. "अहो, पावतीच होत नाहीये!" ओआरए-००००१, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा.

पावतीला पुढचा नंबर देतात त्या सीक्वेन्स. त्या राहतात डेटा डिक्शनरीत, म्हणजे डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीत, प्रोसीजर आणि व्ह्यूसुद्धा. टेबलस्पेसबरोबर त्या येत नाहीत, म्हणून मी त्यांचा वेगळा एक्सपोर्ट घेतला होता. पण गुरुवारी! शुक्रवारी आणि शनिवारी फाडलेल्या पावत्यांचे नंबर नवा सर्व्हर पुन्हा वाटत होता. चूक सर्वस्वी माझी.

जुनं मशीन अजून चालू होतं हे नशीब. तिथून शेवटचे नंबर काढले आणि सीक्वेन्स ड्रॉप करून पुढच्या आकड्यापासून नव्याने बनवल्या. ड्रॉपबरोबर त्यांच्यावरच्या ग्रँट्सही (वापरायच्या परवानग्या) गेल्या, हे दुपारी जेवताना आलेल्या दुसऱ्या फोनवर कळलं.