डायलिसिसवरच्या माणसाला भूक का लागत नाही

दोन घासांत ‘बास’ म्हणणारा डायलिसिसचा पेशंट नखरे करत नसतो. भुकेची हार्मोन्सच बिघडलेली असतात.

जठरातलं घ्रेलिन हे भूक लावणारं हार्मोन, १९९९ साली जपानी संशोधकांना सापडलेलं. किडनी निकामी झाली की रक्तात ते वाढलेलं दिसतं, तरी भूक मेलेली. कारण त्याला फॅटी ॲसिडचं एक शेपूट जोडलेलं असेल तरच ते भूक चाळवतं. किडनी निचरा करेनाशी झाल्यावर साचतं ते मुख्यतः बिनशेपटीचं. शिवाय ‘पोट भरलं’ सांगणारी आतड्यातली कोलेसिस्टोकायनिन आणि पीवायवाय चढी राहतात, चरबीतलं लेप्टिनही. रक्तात साचलेल्या युरियामुळे तोंड कडवट होतं ते वेगळंच. जुना डायबेटिस असेल तर जठर उशिरा रिकामं होतं, सकाळचं पोहे-उपीट दुपारपर्यंत पोटात बसून राहतं.

म्हणून भूक लागेपर्यंत थांबू नये. दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं द्यावं. पाणी ठरलेल्या मापातलंच, पण जेवणाआधी नको. एवढ्याशा पोटातली जागा तेच अडवतं. वडापाव, सुकट, पापड यांतलं मीठ तहान वाढवतं आणि पुन्हा पाण्यानेच पोट भरतं. थकवा आला म्हणून कोपऱ्यावरच्या गाडीवरचं शहाळं तर नकोच, त्यात पोटॅशियम भरपूर, आणि निकामी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही.

सगळ्यात मोठी चूक प्रथिनांची. डायलिसिसच्या आधी ती कमी करायला सांगितलेली असतात, आणि तोच जुना कागद पुढे वर्षभर फ्रिजवर चिकटलेला राहतो. डायलिसिस सुरू झाल्यावर गरज उलट वाढते: रोज किलोमागे १ ते १.२ ग्रॅम. ५५ किलोच्या माणसाला ५५ ते ६६ ग्रॅम. एका अंड्याच्या पांढऱ्या भागात साधारण साडेतीन ग्रॅम असतात, आणि पोटॅशियमसारखाच अंगात साचणारा फॉस्फरस जवळपास नाहीच. चार पांढऱ्यांची भुर्जी केली की १४ ग्रॅम सुटले. मासळी चालते, ताजी, खारवलेली नको. शाकाहारी घरात हे गणित अवघड, तिथे डाएटिशियनकडे जावंच.

सेंटरवर जायचा दिवस बहुतेक उपाशीच जातो. घरून निघायची घाई, चार तास मशीनवर, मग गर्दीची लोकल. मशीनवर भरपेट खाल्लं तर बीपी पडू शकतं, म्हणून निघण्याआधी खावं आणि परतीसाठी इडलीचा डबा सोबत ठेवावा.

वजनकाट्यावर डोळे मिटून विश्वास नको. मांस झडतं, तिथे पाणी भरतं, आकडा तोच राहतो. बांगड्या, घड्याळाचा पट्टा सैल झालाय आणि डायलिसिसनंतरही पायांवर सूज आहे, असं दिसलं तर ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढल्यावरचं खरं वजन, पुन्हा ठरवायला डॉक्टरांना सांगा.