तुम्ही विचारलंत म्हणून: न फुटणारा कोड असतो का?

नागपूरला हिंगणा रोडवरच्या एका कॉलेजात मी क्रिप्टोग्राफी, म्हणजे मजकूर कोडात लपवायचं शास्त्र, शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न सगळीकडून येतो. वर्गात पोरं विचारतात, लग्नाच्या पंगतीत नातेवाईक विचारतात, धरमपेठेत चहाच्या टपरीवरचे भाऊ विचारतात, "काऊन हो सर, असा कोड राहते का जो कोणालेच फुटत नाही?" मागे बहुतेक वेळा व्हॉट्सअ‍ॅपवरचे मेसेज कोणी वाचेल का ही काळजी असते आणि ती काळजी खरी आहे, म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो.

हो, असा कोड आहे. गुपित वगैरे काही नाही त्यात, कागद-पेन घेऊन घरी करता येतो. फ्रँक मिलर नावाच्या कॅलिफोर्नियातल्या बँकरने १८८२ मध्ये तारेने पाठवायच्या मेसेजसाठी ही पद्धत छापून दिली होती. तो फुटूच शकत नाही हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी गणिताने सिद्ध केलं, १९४९ मध्ये ते छापून आलं. याला वन टाइम पॅड म्हणतात.

करूनच बघा. धरमपेठेचा पिनकोड ४४००१०, हा मला तुम्हाला गुपचूप पाठवायचाय. आपल्या दोघांकडे आधीच ठरलेली सहा अंकांची चावी आहे, चिठ्ठ्या टाकून काढलेली: ७३९१६८. आता अंकाखाली अंक मांडून बेरीज करायची, पण हातचा घ्यायचा नाही, नुसता एकक ठेवायचा. ४ आणि ७ अकरा, ठेवा १. ४ आणि ३ सात. ० आणि ९ नऊ. असं करत गेलं की येतं १७९१७८, आणि हेच मी पाठवतो. तुम्ही तसंच उलटं वजा केलं की धरमपेठ परत मिळते.

आता हा आकडा मधल्या कोणाच्या हाती लागला. त्याच्याकडे कितीही मोठा कॉम्प्युटर असू दे, त्याने सगळ्याच्या सगळ्या दहा लाख चाव्या लावून बघितल्या असं धरा. त्यात ४४००१० निघेल, बरोबर. पण ७६८१७४ ही चावी लावली की ४११००४ पण निघेल, म्हणजे पुण्याचं डेक्कन, आणि दुसऱ्या चावीने मुंबई निघेल, तिसरीने दिल्ली. सगळी उत्तरं सारखीच शक्य, आणि खरं कोणतं हे सांगणारं त्या आकड्यात काहीच नाही. वर्गात पोरं इथे गप्प होतात आणि मग कोणीतरी विचारतंच, सर मग सगळे हेच का नाही वापरत?

कारण चावी मेसेजएवढी लांब लागते, ती आधी हातोहात पोचवावी लागते, आणि एकदा वापरली की जाळून टाकायची, दुसऱ्यांदा वापरायची नाही, कधीच नाही. तीच चावी परत वापरून बघू. दुसरा मेसेज ४४००२२, हाही नागपूरचाच. त्यात ७३९१६८ मिळवलं की येतं १७९१८०. आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा, १७९१७८ आणि १७९१८०. पहिले चार अंक तेच! चोराला चावीतला एकही अंक माहीत नाही, तरी त्याला कळलं की दोन्ही पत्ते एकाच गावचे दिसतात. आणि एकातून दुसरा वजा केला की चावी आपोआप कटून जाते, उरतो फक्त दोन खऱ्या मेसेजमधला फरक.

हे नुसतं फळ्यावरचं नाही. १९४२ च्या सुरुवातीला, युद्धाच्या धबडग्यात, सोव्हिएत युनियनमध्ये वन टाइम पॅडची, म्हणजे चाव्या छापलेल्या वह्यांची, काही पानं दोनदा छापली गेली आणि वेगवेगळ्या वह्यांतून वापरली गेली. अमेरिकेत आर्लिंग्टन हॉल या सैन्याच्या कोड फोडायच्या केंद्रात जीन ग्रेबील या आधी शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी फेब्रुवारी १९४३ मध्ये या सोव्हिएत तारांवर काम सुरू केलं, पुढे त्यालाच व्हेनोना म्हणायला लागले, आणि ते चाललं थेट १९८० पर्यंत. अणुबॉम्बची माहिती फोडणारा क्लाउस फुक्स त्यातून सापडला. जो कोड फुटूच शकत नाही असं सिद्ध झालंय तोच कोड फुटला, का तर पानं दोनदा छापली.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, कोड फोडणारा माणूस आधी काय शोधतो तर काय परत परत येऊन राहिलंय ते. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या अरब विद्वानाने हेच लिहून ठेवलं, भाषेत प्रत्येक अक्षर किती वेळा येतं ते मोजा, मग गुप्त मजकुरातली चिन्हं मोजा आणि दोन्ही जुळवा. माझ्याकडे दरवर्षी पोरं आपापला कोड बनवून आणतात, प्रत्येक अक्षराला एक चिन्ह, कुठे चांदणी कुठे त्रिकोण, आणि म्हणतात फोडून दाखवा. मी वाक्यांचे शेवट बघतो. मराठी वाक्य कशावर संपतं? आहे, आहे, आहे. शेवटी तीच दोन-तीन चिन्हं दिसली की आ, ह आणि एकार हाती आले, मग "आणि" सापडतं, आणि पुढे कागद उलगडतच जातो. लहानपणीची च ची भाषा पण अशीच, "चलातु चयका चवंह" म्हटलं की मोठ्यांना कळायचं नाही असं वाटायचं, पण प्रत्येक शब्द च ने सुरू होतोय हे ऐकणाऱ्याला किती वेळ लागणार.

एनिग्मा या जर्मन सैन्याच्या कोड मशीनचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि सगळं श्रेय ब्रिटिशांना देतात, ते मला पटत नाही. ते मशीन आधी फोडलं पोलंडच्या मारियान रेयेव्स्की यांनी, १९३२ च्या डिसेंबरात, गणिताने. तेव्हाचे जर्मन ऑपरेटर मेसेजच्या सुरुवातीला त्या मेसेजची तीन अक्षरी चावी दोनदा पाठवायचे, ऐकण्यात चूक होऊ नये म्हणून. म्हणजे पहिलं आणि चौथं अक्षर मुळात एकच, दुसरं आणि पाचवं एकच, तिसरं आणि सहावं एकच. काळजीपोटी केलेली ही पुनरावृत्ती रेयेव्स्की यांना पुरली, त्यावरून आणि फ्रेंचांनी मिळवून दिलेल्या काही कागदांवरून त्यांनी न बघितलेल्या मशीनच्या आतली वायरिंग काढली. हे सगळं पोलंडने जुलै १९३९ मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंचांना देऊन टाकलं, ब्लेचली पार्क या ब्रिटिशांच्या कोड फोडायच्या केंद्राचं मोठं काम त्यावर उभं राहिलं.

बरं, हे झालं जुनं, आता तर कॉम्प्युटर आहेत असं कोणी म्हणेल. आरएसए या इंटरनेटवर वापरल्या जाणाऱ्या कोडच्या पद्धतीत दोन प्रचंड मोठ्या मूळ संख्या गुणतात आणि गुणाकार जगजाहीर करतात, त्यावरून मूळ संख्या शोधणं जवळपास अशक्य. पण २०१२ मध्ये संशोधकांच्या दोन वेगळ्या गटांनी इंटरनेटवरच्या लाखो चाव्या गोळा केल्या आणि त्यांचा मसावि काढला, शाळेत शिकतो तोच मसावि. हजारो चाव्या तिथल्या तिथे फुटल्या, कारण राउटरसारख्या छोट्या उपकरणांना सुरू झाल्या झाल्या नीट रँडम, म्हणजे चिठ्ठी टाकून काढल्यासारखा, आकडा मिळत नव्हता आणि दोघांनी एकच मूळ संख्या उचलली होती. उदाहरणाला १०४०३ आणि १०८०७ हे दोन छोटे गुणाकार घ्या, अवयव पाडायला वेळ लागेल, पण वजाबाकी करा, ४०४ येतात, त्यात १०१ दिसतोच, आणि दोन्हीला १०१ ने भाग जातो.

क्वांटम कॉम्प्युटर, म्हणजे अगदी वेगळ्या तत्त्वावर चालणारे कॉम्प्युटर, आले की सगळं संपणार का, हे पण विचारतात. आरएसएला धोका आहे, गणितज्ञ पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलंय, पण बदली पद्धतींचे स्टँडर्ड एनआयएसटी या अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर केलेत आणि बदल सुरू झालाय.

आता टपरीवरच्या भाऊंचा प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये २०१६ पासून जी पद्धत आहे तिच्यात प्रत्येक मेसेजची चावी नवी असते, जुनी वापरून झाली की फेकून देतात, म्हणजे वर सांगितलेलं दुखणं ओळखूनच ती बनवलीये. मधे बसून कोणी मेसेज वाचेल ही भीती मनातून काढा. पण बॅकअप वेगळा. तो फोनमधून क्लाउडवर जातो आणि त्याचं एन्क्रिप्शन, म्हणजे कोडात टाकणं, सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावं लागतं, पासवर्डने किंवा अंक-अक्षरांच्या ६४ घरांच्या चावीने, आणि ती हरवली तर कंपनीलाही बॅकअप उघडता येत नाही, म्हणून कागदावर लिहून कपाटात ठेवा. टू स्टेप व्हेरिफिकेशनचा पिन पण टाका, आणि फोनवर कोणी कितीही गोड बोललं तरी ओटीपी सांगू नका. आणि पासवर्ड? जीमेलचा, बँकेचा, वीजबिलाच्या अ‍ॅपचा, सगळीकडे एकच असेल तर यातली सगळ्यात कच्ची साइट फुटली की बाकीच्या आपोआप उघडतात, म्हणून आज रात्री निदान ईमेलचा आणि बँकेचा तरी वेगळा करून घ्या.